पोटातल्या गाठींमधले जिवाणू: रहिवासी कोण, उपरे कोण?

खारफुटी (धागाकर्ती)

मी मूळची गाळवाली. गोव्यातल्या चोडणच्या खारफुटीतला गाळ, मांडवीच्या मुखाकडचा गाळ, पावसाआधीचा, पावसानंतरचा. ग्रॅमभर गाळात कोट्यवधी जिवाणू असतात, त्यामुळे "आहेत का?" असं तिथे कुणी विचारत नाही. डोकेदुखी वेगळी असते. डीएनएबरोबर ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पालापाचोळ्यातली) उतरतात आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया, मान टाकतो.

सध्या एका प्रकल्पात पोटातल्या गाठींचे नमुने हाताळतेय. मोठं आतडं, स्वादुपिंड, अंडाशय. कागदावर पद्धत तीच आहे. जिवाणूंच्या रायबोसोममधल्या १६एस आरएनएचं जनुक साधारण १५०० अक्षरांचं. त्यातले काही भाग सगळ्या जिवाणूंत सारखे, मधले नऊ भाग बदलते. सारख्या भागांवर प्रायमर (प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसवायचे, बदलत्या भागांवरून ओळख पटवायची. गाळात हे सुरळीत चालतं. गाठीच्या तुकड्यात मात्र जवळजवळ सगळा डीएनए माणसाचा. त्यातही आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रिया (ऊर्जाघरं) मुळात जिवाणूंच्याच कुळातल्या, म्हणून त्यांचंही जनुक प्रायमरला चिकटतं आणि "जिवाणू सापडला" म्हणून यंत्र टाळ्या वाजवतं.

तरीही हा विषय सोडवत नाही, कारण काही निष्कर्ष फार भक्कम आहेत. २०१२ साली दोन वेगवेगळ्या गटांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फुसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम शोधला. हा तोंडातला जिवाणू, दातांवरच्या थरात राहणारा. २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं की गाठ यकृतात पसरली तर हा तिथेही सोबत जातो. रुग्णाच्या गाठीचे तुकडे उंदरांत वाढवले तेव्हा तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, आणि उंदरांना मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिल्यावर गाठीची वाढ मंदावली. त्याच वर्षी इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या गटाने स्वादुपिंडाच्या ११३ गाठी तपासल्या, ८६ मध्ये जिवाणू सापडले. त्यातले काही जेमसायटाबिन हे केमोचं औषधच पचवून निकामी करतात. त्यांच्याकडे सायटिडीन डीअमिनेज नावाचं विकर असतं, त्याचं हे काम.

आता नमुना कसा येतो ते सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. भूल दिली की चीर घेण्याआधीच प्रतिजैविकाचा डोस शिरेतून गेलेला असतो. ते योग्यच आहे, त्यावर वाद नाही. मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया असेल तर आदल्या दिवशी पोट साफ केलेलं असतं. सर्जन गाठ काढून ट्रेमध्ये ठेवतात. नवीन ब्लेडने बाहेरचा थर सोडून आतला तुकडा घ्यायचा, त्याचे भाग करायचे. एक फॉर्मॅलिनमध्ये, एक लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, एक कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू जिवंत वाढवून बघायला. त्याच वेळी एक रिकामी नळी झाकण उघडून त्याच टेबलावर तेवढाच वेळ ठेवायची. एका नळीत धुवायला वापरलेलं सलाइन. प्रयोगशाळेत आल्यावर नुसत्या रसायनांची एक नळी, नुसत्या पाण्याची एक. या रिकाम्या नळ्यांना आम्ही ब्लँक म्हणतो, आणि जेलवर, जिथे पीसीआरने वाढवलेला डीएनए पट्टीसारखा दिसतो, ब्लँकमध्येही पट्टी उमटते. फिकट, पण उमटते. गाठीची पट्टी तिच्यापेक्षा जरा गडद, एवढाच फरक.

तर त्या जराशा फरकावर किती विश्वास ठेवावा? जाणकारांनी लिहावं. अजाणकारांनीही.

पोदेर_बाब

वाचलं. अर्धं डोक्यावरून गेलं, अर्धं पोटात गेलं. तिथे जिवाणू आहेतच म्हणे, सांभाळून घेतील. एक बाळबोध प्रश्न: नुसत्या पाण्याच्या नळीत जिवाणू कसे? पाणी निर्जंतुक नसतं का?

खारफुटी

@पोदेर_बाब, बाळबोध अजिबात नाही, सगळं भांडण याच प्रश्नावर आहे. निर्जंतुक म्हणजे जिवंत कुणी नाही. मेलेल्यांचा डीएनए मात्र तसाच तरंगत असतो. डीएनए तपासायच्या किटमधली विकरं जिवाणूंमध्येच तयार करतात, गाळण्यांवर पाण्यातल्या जिवाणूंचा थर असतो. २०१४ साली एका गटाने साल्मोनेला बोंगोरीचं शुद्ध कल्चर घेतलं, ते पायरीपायरीने विरळ करत नेलं आणि प्रत्येक पायरीवर अनुक्रम काढला, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचली. सुरुवातीला सगळं साल्मोनेला. शेवटाकडे साल्मोनेला बाजूला आणि राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम असली पाण्यामातीतली मंडळी वरचढ. नळीत घातला होता एकच जिवाणू!

सातेरी

म्हणजे हळदीच्या हाताने तांदूळ निवडण्यासारखं झालं. पोतंभर तांदळात कळणार नाही, मूठभर असतील तर सगळे पिवळे.

खारफुटी

@सातेरी, ही उपमा ढापणार आहे. आमच्या मॅडमना सांगते.

विदागार (पुणे)

लेख छान, पण "भक्कम निष्कर्ष" वाचून खुस्पट काढल्याशिवाय राहवत नाही. मी विदेवर (डेटावर) काम करतो, त्यामुळे माझा चष्मा वेगळा.

२०२० साली 'नेचर'मध्ये गाजलेला शोधनिबंध आठवतोय? अमेरिकेच्या कर्करोग जनुकसंग्रहातले ३३ प्रकारचे कर्करोग घेतले, त्यातले जिवाणू-विषाणूंचे अनुक्रम वेगळे केले आणि जाहीर केलं की प्रत्येक कर्करोगाची स्वतःची सूक्ष्मजीव-ओळख असते, संगणक ती बघून कर्करोग ओळखतो. अचूकता डोळे दिपवणारी. त्यावर पुढचे किती निबंध उभे राहिले! २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या स्टीव्हन साल्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी तीच विदा पुन्हा तपासली. दोन घोटाळे निघाले. एक, संदर्भासाठी वापरलेल्या जिवाणूंच्या जीनोममध्येच (संपूर्ण डीएनएच्या नोंदीतच) माणसाचे तुकडे मिसळलेले होते, त्यामुळे माणसाचा डीएनए "जिवाणू" म्हणून मोजला गेला. दोन, आकडे सारख्या पातळीवर आणायच्या गणिती प्रक्रियेने जिथे मुळात शून्य होतं तिथेही प्रत्येक कर्करोगाचा वेगळा शिक्का उमटवला. संगणकाने कर्करोग नाही, तो शिक्का ओळखला.

गोंयकारांसाठी खास: मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या कर्करोगाची "ओळख" म्हणून जो विषाणू वर आला, तो सुंगटांना (कोळंब्यांना) होणारा विषाणू आहे. सुंगटांना! जून २०२४ मध्ये 'नेचर'ने निबंध मागे घेतला.

त्यामुळे जेलवरची फिकट पट्टी, जराशी गडद पट्टी वगैरेला माझ्या लेखी किंमत शून्य. हे सगळं क्षेत्रच पुन्हा पहिल्यापासून मांडायला हवं.

पोदेर_बाब

सुंगटांची हुमण खाल्ल्यामुळे नसेल ना आलेला? (पळतो आता.)

रायबंदरकर

@विदागार, प्रतिसाद आवडला. पण एका आंब्याला कीड लागली म्हणून बाग तोडायला निघू नका.

खारफुटी

@विदागार, त्या निबंधाबद्दल वाद घालत नाही, मागे घेतला तेच बरं झालं. पण दोन वेगळ्या गोष्टी एका माळेत ओवताय. तिथे जिवाणू शोधायला काढलेलीच नव्हती अशी विदा वापरली. नमुने वेगवेगळ्या इस्पितळांतले, वेगवेगळ्या केंद्रांत वाचलेले, आणि ब्लँक जपलेलेच नव्हते. उलट मे २०२० चा 'सायन्स'मधला वाइझमानचा अभ्यास बघा. गाठी आणि शेजारच्या निरोगी ऊती मिळून १५२६ नमुने, सात प्रकारचे कर्करोग, त्यात अंडाशय आणि स्वादुपिंड आहेत. आणि सोबत शेकडो नियंत्रण नमुने. ऊती जपून ठेवायच्या मेणाच्या ठोकळ्यांतला ऊती नसलेला नुसता मेणाचा भागसुद्धा त्यांनी खरवडून तपासला. एवढ्यावर थांबले नाहीत. ऊतीचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू पेशींच्या आत बसलेले दाखवले, आणि काही गाठींतून जिवंत वाढवूनही दाखवले.

माझं म्हणणं एवढंच की अनुक्रम हा पुरावा नाही, तो संशय आहे. पुरावा म्हणजे काप रंगवल्यावर तो जिवाणू पेशीच्या आत दिसणं, आणि जमलं तर बशीत वाढणं. फुसोबॅक्टेरियम या तिन्ही परीक्षा पास झालाय. किटमध्ये तो सहसा नसतो, प्राणवायूत तगत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियागृहाच्या हवेतून येऊन पडण्याची शक्यताही कमी. राल्स्टोनिया दिसला तर मी आधी किटकडे बघते. फुसोबॅक्टेरियम दिसला तर गाठीकडे.

विदागार (पुणे)

"अनुक्रम हा संशय" हे मान्य. तेवढ्यापुरता चष्मा काढतो. फुसोबॅक्टेरियमचं खरं असावं. २०२४ च्या 'नेचर'मधल्या कामात त्याच्या एका उपजातीतलीही एकच शाखा मोठ्या आतड्याच्या गाठींत गोळा होते असं दाखवलंय, तपासलेल्या गाठींपैकी साधारण निम्म्यांत. एवढं नेमकं काही किटमधून येत नाही.

पण स्वादुपिंडाबद्दल साशंक आहे. तिथे पित्तनलिकेत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकतात ना?

शवविच्छेदक_आजोबा

नाव बघून दचकू नका, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आहे. जिवंतांच्या गाठीच जास्त पाहिल्या.

विदागार, नेमकं बोट ठेवलंत. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ झाली की पित्तनलिका दबते, कावीळ होते. शस्त्रक्रियेआधी दुर्बिणीतून स्टेंट घालून वाट मोकळी करतात. एरवी लहान आतड्यातले जिवाणू वर चढू नयेत म्हणून तिथे स्नायूचं दार आहे. स्टेंट ते दार उघडं ठेवतो. मग गाठीत सापडलेला जिवाणू गाठीआधीचा की स्टेंटनंतरचा? रुग्णाच्या कागदांत स्टेंटची तारीख नसेल तर तुमच्या सगळ्या अनुक्रमांचं लोणचं घाला. बाय खारफुटी, तुमच्या अर्जात हा रकाना आहे ना?

आता मला ज्याबद्दल लिहायचं होतं ते. धाग्यात उदरपोकळी आहे आणि "जेली"चा उल्लेख नाही हे कसं चालेल? अ‍ॅपेंडिक्समध्ये श्लेष्म (चिकट, बुळबुळीत स्राव) तयार करणारी छोटी गाठ होते, फुटते, आणि त्या पेशी पोटाच्या पडद्यावर सांडून वर्षानुवर्षं श्लेष्म गाळत राहतात. स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी. वर्षाला दहा लाखांत एखाद-दोन किंवा थोडे जास्त, म्हणजे गोव्यात बऱ्याच डॉक्टरांची कारकीर्द एकही न बघता संपते. पोट हळूहळू मोठं होतं, लोक म्हणतात सोरो (दारू) जास्त झाला, नाहीतर बाईमाणूस असेल तर भलतंच काही म्हणतात. उघडल्यावर सक्शनची नळी घातली की तुंबते, इतकं ते घट्ट. सर्जनला ओंजळीने काढावं लागतं. आमच्या टेबलावर बादलीतून यायचं. पिवळसर, थरथरतं, आणि सुरीला धार कितीही असली तरी नीट काप पडत नाही.

या श्लेष्मात जिवाणू असतात का हे २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने तपासलं. ऊतीच्या कापांवरच जिवाणूंच्या जनुकांना रंग देऊन पाहिलं, तर ते सापडले. हेलिकोबॅक्टर पायलोरीसुद्धा सापडला, आणि आक्रमक प्रकारात जिवाणूंची दाटी जास्त. २०१३ मध्ये अनुक्रम काढून त्यांनी मांडलं की वेगवेगळ्या रुग्णांत काही जिवाणू समान आहेत. मला हे तार्किक वाटतं. अ‍ॅपेंडिक्स म्हणजे जिवाणूंचं कोठारच, फुटताना पेशींबरोबर तेही सांडणार. आणि श्लेष्म हे त्यांचं आवडतं खाणं.

उपचार मात्र आजही सर्जनच्या हातातच आहे. पॉल शुगरबेकर यांनी रूढ केलेली पद्धत: तासन्‌तास बसून पडद्यावरचं सगळं सोलून काढायचं आणि मग मायटोमायसिन-सारखं औषध ४१ ते ४३ अंशांवर गरम करून पोटात फिरवायचं.

अवांतर: या रोगाचं पहिलं वर्णन रोकिटान्स्कीने १८४२ मध्ये केलं असं सांगतात. आपल्या पणजीची एस्कोला मेडिकाही १८४२ ची. गोमेकोच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) पोरांना हे सांगितलं की परीक्षेत साल चुकत नाही.

खारफुटी

आजोबा, दंडवत. स्टेंटचा रकाना आहे. तारखेचा नव्हता, नुसतं हो किंवा नाही होतं. उद्याच तारीख घालायला सांगते.

श्लेष्मातून डीएनए काढणं हे आणखी एक दिव्य असणार. चिकट शर्करा पीसीआर अडवतात, अगदी आमच्या ह्युमिकसारख्या. तिथे मला गाळातला अनुभव कामाला येईल बहुतेक.

आजोळ_सावईवेरें

मी कधी लिहीत नाही इथे, नुसती वाचते. माझ्या मावशीला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. जेमसायटाबिन चालू आहे. तुम्ही लिहिलंत की जिवाणू हे औषध खातात. मग आधी अँटिबायोटिक घेतलं तर औषध जास्त लागू पडेल का? घरात गोळ्या पडून आहेत, सिप्रो. मावशीचा मुलगा म्हणतोय देऊन बघू. उत्तर लवकर द्याल का?

डॉ_फोंडेकर

ताई, कृपा करून देऊ नका. आधी हे वाचा, बाकी चर्चा नंतर.

सिप्रोफ्लॉक्सासिनने (तुमच्या सिप्रोने) जिवाणू मारल्यावर जेमसायटाबिन जास्त लागू पडतं, हा परिणाम उंदरांत दिसला होता, त्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या गाठींत. माणसात नुसत्या अंदाजाने दिलं तर काय होईल? आतड्यातले चांगले जिवाणू मरतील, जुलाब लागतील, केमोने आधीच थकलेल्या शरीराचं पाणी कमी होईल. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा जुलाब लागला तर केमोच थांबवावी लागेल. शिवाय २०१८ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात प्रतिकारशक्तीवर काम करणारी नवी औषधं घेणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांनी आगेमागे अँटिबायोटिक घेतली होती, त्यांना ती औषधं कमी लागू पडली होती. औषध वेगळं, पण मुद्दा तोच: सरसकट जिवाणू मारणं म्हणजे उपचार नव्हे.

केमो चालू असताना ताप १०० च्या वर गेला, थंडी वाजली, तर मात्र घरी वाट बघू नका, रात्र असली तरी इस्पितळात न्या. तेव्हा अँटिबायोटिक लागतील आणि तिथले डॉक्टर देतील. मावशीच्या मुलाला हा प्रतिसाद दाखवा, आणि मनात असेल ते ऑन्कोलॉजिस्टना थेट विचारा. ते रागावत नाहीत, हा प्रश्न त्यांना रोज येतो.

आजोळ_सावईवेरें

देव बरें करूं, डॉक्टर. दाखवलं त्याला. गोळ्या काढून ठेवल्या. सोमवारी ओपीडी आहे, तेव्हा विचारणार आहे.

संपादक

धाग्यावर औषध सुचवणारे प्रतिसाद उडवले जातील. एक उडवला आहे. काळ्या बुरशीच्या काढ्याचा होता.

सातेरी

काळी बुरशी?! माझ्या कपाटातल्या साड्यांवर जून ते सप्टेंबर फुकट येते.

एक विचारू का? जठरातल्या त्या हेलिकोबॅक्टरचं काय? माझ्या नवऱ्याला डॉक्टरनी चौदा दिवस गोळ्या दिल्या होत्या. तिथे तर अँटिबायोटिकच देतात.

डॉ_फोंडेकर

@सातेरी, बरोबर, तिथे देतात, कारण तिथे साखळीतला दुवा न्‌ दुवा सिद्ध झालाय. मार्शल आणि वॉरन यांनी तो शोधला तेव्हा आम्लात जिवाणू जगतोच कसा म्हणून लोक हसले. मार्शलनी १९८४ मध्ये स्वतः कल्चर पिऊन जठरदाह ओढवून घेतला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला पहिल्या गटातला कर्करोगकारक ठरवलं, २००५ मध्ये नोबेल आलं. पण नीट बघा: तो जिवाणू कर्करोगाच्या कितीतरी वर्षं आधी तिथे असतो, दाह करतो, आणि आधीच मारला तर धोका कमी होतो. गाठ झाल्यावर त्यात राहायला आलेला जिवाणू हे वेगळं प्रकरण. तो कारण असेल, साथीदार असेल, किंवा नुसता ओसाड घरात शिरलेला असेल.

आणि उलटीही बाजू आहे. मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात आम्ही बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लशीतला जिवंत जिवाणू, मुद्दाम आत सोडतो. १९७६ पासूनची पद्धत आहे आणि आजही तिला तोड नाही.

रायबंदरकर

हे भारी आहे. एकीकडे मारायचे, एकीकडे पाळायचे.

आपल्याकडे या विषयावर काय काम चालतं? सगळे संदर्भ अमेरिका-इस्रायलचेच दिसतात.

खारफुटी

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधल्या (टाटा स्मारकच्या कर्करोग संशोधन केंद्रातल्या) गटाने भारतीय रुग्णांच्या गाठींत फुसोबॅक्टेरियम शोधलाय, जिभेच्या कर्करोगातही. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कर्करोग एवढे, आणि हा जिवाणू मूळचा तोंडातलाच, त्यामुळे तो अभ्यास इथेच व्हायला हवा होता. गोव्याबद्दल माझं मत विचाराल तर इथे जिवाणूंच्या अनुक्रमावर हात बसलेली माणसं भरपूर आहेत. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेमुळे आणि विद्यापीठामुळे. फक्त ती सगळी समुद्राकडे तोंड करून बसलीत. बांबोळीचं सरकारी इस्पितळ तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण गाळवाले आणि इस्पितळवाले एका टेबलावर क्वचित बसतात.

बाकी अडचणी गोव्याच्या असतात तशा. जुलैत वीज गेली की उणे ऐंशीचा फ्रीजर आधी आठवतो, घरचा फ्रीज नंतर. दमट हवेत खोलीतल्या बुरशीचं मोजमाप सतत ठेवावं लागतं. आणि संमतीपत्र! ते इंग्रजीत आलं होतं. आता मराठी आणि कोकणी, तेही देवनागरी आणि रोमी दोन्ही लिप्यांत केलंय. एका आजींनी सही करण्याआधी विचारलं, "तुकडो घेतलो म्हण परत कापचे ना मगो?" नाही, काढलेल्या गाठीतलाच घेतो, जास्तीचं काही कापत नाही, हे वाक्य तेव्हापासून पत्रात पहिल्या ओळीत आहे.

विदागार (पुणे)

@खारफुटी, टीका करून पळ काढणारा नाही मी. तुमच्या ब्लँकची कच्ची विदा द्यायची परवानगी मिळाली तर मी चालवून बघतो. ब्लँक आणि नमुने एकाच रनमध्ये वाचलेत ना? आणि माणसाचे तुकडे गाळायला जुना संदर्भ जीनोम वापरू नका, २०२२ चा पूर्ण केलेला वापरा. जुन्यात जे भागच नाहीत, ते गाळले जात नाहीत आणि पुढे जिवाणूंच्या नावावर खपतात.

खारफुटी

एकाच रनमध्ये आहेत, पण किटचे लॉट दोन. लॉटप्रमाणे फोल्डर वेगळे करून देते. मॅडमना विचारलंय, रुग्णाची ओळख पटेल असं काही त्यात नाही, त्यामुळे हरकत नसावी. नैतिक समितीचा कागद आधी लागेल. चतुर्थीच्या सुट्टीत मात्र काही मागू नका, गणपतीवरची माटोळी (फळापानांची सजावट) बांधायची आहे.

विदागार (पुणे)

चालेल. कोणत्या लॉटमध्ये राल्स्टोनिया जास्त आहे ते आधी सांगू नका, मला आंधळेपणाने बघायचंय.